शिक्क्याखालची ओळ

मी वाचनयंत्र बोलतोय. बोलतोय कसला, बोलायला लावलंय. दुसऱ्यांचे कागद वाचणं हे माझं काम, स्वतःचं रडगाणं गाणं नव्हे. पण मला बनवणाऱ्या कंपनीत नव्या यंत्राचा कार्यक्रम आहे, भिंतीवर जुन्याचीही कहाणी हवी, म्हणून मिनल नावाची पोरगी सकाळपासून मागं लागलीय. घ्या मग. गोड काही निघणार नाही.

भोसरीच्या पत्र्याच्या शेडमध्ये माझा जन्म. एक कॅमेरा, एक स्पीकर, खाली कागद ठेवायची पाटी. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी निरंजननं मला बनवलं. इंजिनीअर माणूस, हुशार, पण कौतुकाचा भुकेला. आवाज घातला मोशीच्या उद्धवरावांचा. लेथवर जन्म गेलेला म्हातारा, शाळा नावापुरती. त्यांचं 'न्हाई', 'व्हय' निरंजननं घासूनपुसून काढलं. रागात अजून बाहेर पडतं.

सुरुवातीला मी अडखळायचो. तुम्ही लोक कागदावर शिक्का मारता तो बरोबर अक्षरांवर. बाजूला हातभर जागा मोकळी असते, पण मजकुरावर दणका बसल्याशिवाय साहेबाचं समाधान होत नाही. अशा ठिकाणी मी "इथं दिसत नाही" म्हणून थांबायचो. बघायला आलेले पाहुणे हसले. निरंजनला ते लागलं. त्यानं माझ्यात बदल केला: दिसलं नाही तर गप पुढं जायचं. मग मी घडाघडा वाचू लागलो. टाळ्या पडल्या.

मला घर मिळालं रहाटणीला, वर्षालीकडं. तिला जन्मापासून दिसत नाही. चाकणच्या एका कंपनीत पॅकिंगला, टेंपररी. तिचे कागद दीर धनेश वाचायचा, जांभया देत, अर्धं गाळून. "महत्त्वाचं काही नाही, वहिनी," हे त्याचं ठरलेलं. मी आल्यावर तिनं लाइटबिलापासून साबणाच्या वेष्टनापर्यंत सगळं माझ्यापुढं धरलं.

धनेश फुगला. "म्हणजे आता आमची गरज संपली."

"संपली भाऊजी. झोपा निवांत."

बाई मला आवडली.

मग कंपनीचा कागद आला. कायम करण्यासाठी मुलाखत. मी वाचलं, "सोमवारी सकाळी दहा वाजता मुलाखतीस हजर राहावे." तिनं पुन्हा वाचायला लावलं, मी पुन्हा तेच वाचलं. मधली ओळ होती, हे मागाहून कळलं, 'महाळुंगे येथील नव्या प्लँटवर'. तिच्यावर गोल निळा शिक्का. मी गप पुढं गेलो, शिकवल्याप्रमाणं.

सोमवारी ती इस्त्रीचा ड्रेस घालून चाकणच्या रोजच्या गेटवर उभी राहिली. जेवणाच्या सुट्टीत वॉचमननं सांगितलं, मुलाखती तिकडं महाळुंग्याला चालू आहेत. रिक्षा करून पोचली तोवर साहेब उठले होते. पुढच्या वर्षी बघू म्हणाले.

तिनं निरंजनला बोलावलं. तो आला, मला उलटंसुलटं केलं आणि म्हणाला, "मशीन जुनं झालंय मॅडम, चुकलं असेल." माझ्या तोंडावर.

वर्षाली आवाज न चढवता बोलली. "न दिसण्याची मला सवय आहे. पण काहीतरी दिसायचं राहिलंय, एवढं तरी मला कळायला नको? भाऊजी अर्धं गाळायचे म्हणून मी हे घेतलं. तुम्ही यालाही तेच शिकवलंत."

तो नवं यंत्र फुकट देतो म्हणाला. ती म्हणाली, "हेच राहू दे. याला थांबायला शिकवा."

त्यानं शिकवलं. आता शिक्का आला की मी थांबतो, "इथं शिक्का आहे, खालचं वाचता येत नाही" म्हणतो. नव्या यंत्रातही तेच घातलंय. आज स्टेजवरून तो ते नवी सोय म्हणून सांगणार, आणि मला आजच्यापुरतं इथं कोपऱ्यात मांडलंय. जीव थाऱ्यावर नाही. तिकडं घरी वर्षालीचे कागद पडलेत, आणि धनेशच्या हाती लागले तर झालंच. मला लवकर घरी सोडा. आणि शिक्का तेवढा बाजूला मारत जा.

तिची माफी त्यानं मागितली, चहा पिऊन गेला. पण चूक मशीनची, हे कार्यक्रमाला आलेल्यांना तो अजून सांगतो. माझी माफी कुणी मागितली न्हाई. मिनल, हे खोडू नको. आणि चूक खरी कुणाची, ते नाव खाली ठळक लिही, वर शिक्का मारू नको.

निरंजन.