जमा करायचा राहिलेला दांडा

मी व्हीलचेअरच्या ब्रेकचा दांडा बोलतोय. हात पुढे करू नका, हाती काही लागायचं नाही. मी अजून घडलोच नाही. एका संगणकात नुसता आकार होऊन पडलोय आणि खरं सांगतो, जीव अगदी गुदमरून गेलाय.

मला आखलं ते या कारखान्यातल्या ताईने. तिचे वडील व्हीलचेअरवर असतात. बोटांत जोर नाही, त्यामुळे नेहमीचा ब्रेक त्यांना लावता येत नाही. म्हणून तिने पडद्यावर लांब दांडा काढला, मनगटाने रेटला तरी बसेल असा. थ्रीडी प्रिंटरवर त्याचा नमुना काढून ती घरी घेऊन गेली.

सकाळी आल्या आल्या तिने शेजारच्या टेबलावरच्या मित्राला गाठलं.

"बाबांनी स्वतः ब्रेक लावला रे! मला म्हणाले, मागे उभी राहू नकोस आता, जा, चहा टाक. मग काय, लहान मुलासारखे लावत बसले. आणि मुळाशी कडकन मोडला."

"मग?"

"मग काय, मूळ जाड करते."

तो जाड मुळाचा दांडा म्हणजे मी. कंपनीलाही हा दांडा बाजारात आणायचाय, म्हणून माझा बारीक मुळाचा थोरला भाऊ कंपनीच्या चित्रांच्या सामाईक कोठारात, म्हणजे मोठ्या संगणकात, आहे. इथली रीत अशी, की कोठारातलं चित्र दुरुस्तीला काढलं की त्याला काढणाऱ्याच्या नावाचं कुलूप लागतं. दुरुस्त करून परत जमा केलं की कुलूप निघतं. तोवर बाकीच्यांनी फक्त बघायचं.

ताईला एक खोड होती. चित्र चारी बाजूंनी फिरवून पाहिल्याशिवाय ती जमा करायची नाही. मला अशी फिरवत असतानाच साहेबांचं बोलावणं आलं. "आलेच," म्हणाली आणि उठली.

परत आली ती पर्स घ्यायला. माणसं कमी करत होते, त्यात तिचंही नाव होतं. ती टेबलाशी पोचेपर्यंत तिचं खातं बंदसुद्धा झालं होतं. तिने पासवर्ड घालून पाहिला, पण संगणक तिला ओळखेना. मी आतून नुसता बघत राहिलो.

मित्र मात्र गप्प बसला नाही. संगणक सांभाळणाऱ्या माणसाला त्याने इथेच, माझ्यासमोर गाठलं.

"कोठारातल्या दांड्याचं कुलूप काढ ना. विकायच्या दांड्यांचा साचा त्या बारीक मुळाच्या चित्रावरून कापायला निघालेत!"

"कुलूप मॅडमच्या नावावर आहे. त्यांनीच काढायला हवं."

"अरे, त्यांचं खातं तूच बंद केलंस ना!"

"नियमानेच केलं."

"बरं, मग त्यांचा संगणक तरी उघड, जाड मुळाचं चित्र त्यातच आहे."

"गेलेल्या माणसाचं सामान उघडायला वरून परवानगी लागते. पुसायला लागत नाही."

मित्राने कपाळाला हात लावला. मला तर हात नाहीतच.

साहेबांचं म्हणणं, काढलेल्या बाईच्या सांगण्यावरून साचा थांबवायचा की काय? म्हणजे तो मोडणारा दांडा आता गावभर जाणार. उतारावर कुणीतरी विश्वासाने त्याच्यावर मनगट टेकवणार. ताईच्या बाबांसारखेच तेही कुणाचे तरी बाबा असतील.

आत्ता मित्र पुन्हा साहेबांच्या केबिनमध्ये गेलाय, भांडायला. आणि इकडे ताईच्या खुर्चीवर तो संगणकवाला येऊन बसलाय. नवीन मुलगी रुजू होतेय, तिच्यासाठी संगणक कोरा करायचाय. फोन कान आणि खांद्याच्या मध्ये धरून तो बायकोशी बोलतोय, "हो गं, येताना आणतो, विसरत नाही." पडद्यावर सूचना आली आहे: एक चित्र जमा करायचं राहिलं आहे. तरीही पुसायचं?

असल्या सूचना माणसं वाचत नाहीत. बोट आपोआप 'हो'वर जातं. ही माणसांची सवयच आहे.

दादा, क्षणभर फोन ठेवा. एवढी एक ओळ वाचा. 'नाही' दाबा आणि केबिनमधल्या त्या माणसाला हाक मारा. अहो, माझं मूळ जाड आहे. मी मोडणार नाही.