पस्तीस आणि चाळीस

विजयसिंहाच्या किडनी-जुळणीच्या रिपोर्टातल्या ‘बी’च्या रकान्यात पस्तीस आणि चाळीस असे दोन आकडे होते. अनुजानं त्यांच्याखाली पेन्सिलीनं बारीक रेघ ओढली आणि आईवडिलांचे जुने रिपोर्ट शेजारी ठेवले. आईचे सात, चव्वेचाळीस. आण्णांचे एक्कावन्न, बावन्न. मुलाला एक आकडा आईकडून येतो, एक बापाकडून. विजयसिंहाला दोघांकडूनही आला नव्हता.

तिनं समोर बसलेल्या विजयसिंहाकडं, धाकट्या भावाकडं पाहिलं. आण्णांचं नाक, आईची हनुवटी.

“सारखं वाचून आकडं बदलत्यात व्हय?” तो हसला. “न्हाय जुळलं की. आक्काचं नशीब.”

आक्का, त्यांची थोरली बहीण, डायलिसिसहून येऊन आतल्या खोलीत पडली होती. आण्णांना साखर, आईला रक्तदाब. किडनी देऊ शकतील असे हे दोघंच उरले होते.

“हे आकडे कशाचे, माहीत हाय?” अनुजानं विचारलं.

“शिकवा की, मॅडम.”

“पेशी प्रथिनाचा तुकडा हातात धरून बाहेर दाखवते. हात ज्याचा त्याचा निराळा. त्या हाताचे हे आकडे. रक्तातली पहारेकरी टी-पेशी तुकडा आणि हात दोन्ही एकदम चाचपते. प्रत्येकीच्या ग्राहकाची, म्हणजे चाचपायच्या पंजाची, घडण वेगळी, म्हणून एखादीच जोडी तिला नीट बसते. तुकड्यातला एक दुवा बदलला तरी तिला कळतं.”

“लईच बारीक नजर.”

“तयार होतानाच परीक्षा असते तिची. घरचा हात अजिबात ओळखता आला नाही, तर मरते. घरच्याच हातावर तुटून पडली, तरी मरते.” तिनं पेन्सिल खाली ठेवली. “विज्या, हे रक्त कुणाचं?”

“माझंच की.”

“ह्यात आई न्हाय, आण्णा न्हायत. तू जन्मलास तेव्हा दाराबाहेर उभी होते मी.”

त्यानं दुमडलेली बाही मनगटापर्यंत खाली ओढली. म्हणाला, “बाळाप्पाचं.”

बाळाप्पा त्याच्या दुधाच्या गाडीवरचा ड्रायव्हर.

“माझी पोरं लहान हायत, ताई. जुळलं असतं तर तोंडावर न्हाय कसं म्हणणार हुतो?”

“आक्कानं तुझ्या रिपोर्टासाठी महिनाभर वाट बघितली.”

“आणि तुझं निम्मं जुळलंय त्याला तीन महिनं झालं. तू कुठं व्हय म्हणालीस?”

अनुजानं खोडरबर घेतला. आकड्यांखालची रेघ पुसली, कागदावरचा चुरा तळहातानं झाडला. ‘आधी विजयसिंहाचं बघू,’ असं तीन महिने घरात तीच म्हणत आली होती.

ती उठून आतल्या दारापाशी गेली. आक्का जागी होती. उशी कानापाशी ओली झाली होती.

“आक्का,” ती म्हणाली, “माझी घे.”