गुरुजींची पत्रं कुठी अडली

सिंदेवाहीजवळच्या एका खेड्यात लटारू गुरनुले गुरुजी राहतात. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी एक उद्योग काढला. दर सोमवारी झाडीबोलीतला, म्हणजे तिकडच्या झाडीपट्टीच्या बोलीतला, एक शब्द घ्यायचा, त्याचा अर्थ सांगायचा, तो शब्द कोण कुठे कसा बोलायचा याचे दोन किस्से लिहायचे आणि ते पत्र ई-मेलने पाठवायचं. पत्रं जायची पुण्याला, हैदराबादला, दुबईला. जिथं जिथं या भागातली माणसं पोटापाण्यासाठी गेली होती तिथं तिथं. पुण्यात नोकरी करणाऱ्या अश्वजित नावाच्या त्यांच्या जुन्या विद्यार्थ्याने त्यासाठी गुरुजींच्या नावाचा खास पत्ता घेऊन दिला होता. गावातल्या सेवा केंद्रावर सातबारे आणि दाखले काढून देणारी रोशनी खोब्रागडे गुरुजींचं हस्ताक्षर टाइप करायची आणि बटण दाबायची. वाचणारे आनंदाने उत्तरं द्यायचे. कोणी लिहायचं की ‘पऱ्हे’, म्हणजे धानाची कोवळी रोपं, हा शब्द वाचून ऑफिसात बसल्या बसल्या धानाचा वास आला. गुरुजी ती उत्तरं बायकोला, सुगंधाबाईंना, वाचून दाखवत. सुगंधाबाई भाजी निवडता निवडता ऐकत आणि म्हणत, “एवढा शिकून वासच आला काय त्याले?”

मग एका सोमवारी पत्रं परत यायला लागली.

वाचणाऱ्यांपैकी जवळजवळ सगळ्यांची खाती एकाच मोठ्या कंपनीकडे होती. त्या कंपनीच्या यंत्राने गुरुजींना लबाड ठरवलं होतं. काही पत्रं नको असलेल्या मेलच्या खणात, म्हणजे स्पॅममध्ये टाकली होती आणि उरलेली दारातूनच फिरवली होती. परत आलेल्या मेलवर इंग्रजीत लिहिलं होतं की आपला संदेश संशयास्पद असल्याने स्वीकारता येत नाही.

“संशयास्पद म्हंजे?” गुरुजींनी विचारलं.

“म्हंजे तुमी फसवेगिरी करून राह्यले असं वाटते त्याले,” रोशनी म्हणाली.

गुरुजी खुर्चीत मागे टेकले. उभ्या आयुष्यात त्यांच्यावर असा आळ आला नव्हता. त्या आठवड्याचा शब्द मोहाच्या फुलांवरचा होता आणि ओघात मोहाच्या दारूचा उल्लेख आला होता. त्यांना वाटलं, यंत्र सोवळं असेल. पुढच्या आठवड्यात त्यांनी ‘रोवणा’ घेतला. धानाची रोपं चिखलात लावण्यावर कोण काय आक्षेप घेणार? तेही परत आलं. मग त्यांना शुद्धलेखनाची शंका आली. ऱ्हस्व-दीर्घ तपासून, दोनदा वाचून, तिसरं पत्र पाठवलं. तेही परत आलं.

“गुरुजी, ते वाचत नाई,” रोशनीने समजावलं. “तुमचा पत्ता ज्या मशीनवर आहे, त्याच मशीनवर दुसऱ्याही लोकांचे पत्ते आहेत. त्यातला कोणीतरी वजन कमी कराच्या गोळ्या इकते. दिवसभर लोकायले मेल मारत राह्यते. त्याच्यापायी सगळे बदनाम.”

“म्हंजे गल्लीत एक चोर निंगाला म्हणून पोलिसानं सगळ्यायलेच ठाण्यात बसवलं.”

“हाव. आन तुमच्यापाशी ओळखपत्र नाई.”

ते ओळखपत्र कसं मिळवायचं हे रोशनीलाही तेव्हा नीट ठाऊक नव्हतं. गुरुजींनी कंपनीला तक्रार लिहिली. मुद्देसूद, नम्र आणि लांब. पाठवल्याबरोबर उत्तर आलं: आपला अभिप्राय आम्हाला मोलाचा वाटतो. गुरुजी खूश झाले. त्यांनी आभाराचं पत्र धाडलं. ते संशयास्पद म्हणून परत आलं.

असा महिना उलटला. तिकडे पुण्यात अश्वजितच्या जिवाला घोर लागला. पूर्वी मलेरिया झाला होता तेव्हासुद्धा गुरुजींनी सोमवार चुकवला नव्हता. एका शुक्रवारी दुपारी त्याने गुरुजींच्या मोबाइलवर फोन लावला. त्याच दिवशी गुरुजी भाच्याच्या साक्षगंधासाठी, म्हणजे साखरपुड्यासाठी, चिमूरला गेले होते आणि मोबाइल घरी चार्जिंगलाच राहिला होता. सुगंधाबाईंनी तो उचलला. त्यांच्या गावात फोन धड ऐकू येत नाही. त्यात घरामागच्या सांदवाडीत शेजारणीची कोंबडी ओरडत होती.

“गुरुजी आहेत काय, बाई?”

“नाई नं. गेले ते.”

अश्वजित फोन घेऊन उठला आणि जिन्यात आला. मग त्याने विचारलं, “कवा?”

“आज सकायीच. चौघंजण आले आन घेऊन गेले.”

“तरास झाला काय काही?”

“नाई गा. शांत गेले. नाई तं जाची येळ आली का केवढा कल्ला राह्यते त्यायचा. लय दिसापासून जातो जातो म्हणत होते. बरं झालं, एकदाचे गेले.”

“आन तुमी?”

“मी एकटीच आहो. माह्यं काय, दोन घास शिजवतो आन निजतो.”

पुढे नेटवर्क गेलं. सुगंधाबाईंना पोरगा कोण होता ते कळलं नाही, पण बोलायला फार मऊ होता असं त्यांना वाटलं. त्या कोंबडी हाकलायला गेल्या. अश्वजित मात्र ऑफिसच्या जिन्यात बसून रडला आणि त्याने सगळ्या वाचकांना कळवलं.

रविवारी सकाळी गुरुजी चिमूरहून परत आले आणि चहा पिऊन सेवा केंद्रावर गेले. रोशनी त्यांच्याकडे विचित्र नजरेने बघत होती. सकाळीच आलेली अश्वजितची मेल उघडून तिने संगणक त्यांच्याकडे वळवला. पडद्यावर गुरुजींचा शाळेतल्या निरोप समारंभाचा फोटो होता, भोवती काळी चौकट होती, आणि खाली लिहिलं होतं: ‘भावपूर्ण श्रद्धांजली. आज सायंकाळी पाच वाजता ऑनलाइन शोकसभा.’

“हे बरोबर पोचलं,” गुरुजी म्हणाले.

त्यांनी तिथल्या तिथे सगळ्यांना मेल धाडली. विषय होता, ‘मी जिवंत आहे’. बहुतेक ठिकाणांहून ती परत आली. दुबईतल्या एका वाचकाच्या स्पॅममध्ये तेवढी ती पोचली. त्याने ती पाहिली आणि सगळ्यांना सावध केलं: कोणीतरी स्वर्गीय गुरुजींच्या खात्यात घुसलं आहे, अशी मेल आल्यास उघडू नका, पैसे मागितल्यास देऊ नका. रोशनीने हे गुरुजींना वाचून दाखवलं.

“अश्वजितले फोन लावतो मी,” रोशनी म्हणाली.

गुरुजींनी पुन्हा पडद्याकडे पाहिलं. सभेत बोलणाऱ्यांची नावं दिली होती. सहावीत गणितात नापास झालेला एक जण होता. ज्याला गुरुजींनी शाळेच्या भिंतीवरून उडी मारताना पकडलं होतं, तोही होता. ही पोरं काय बोलतील?

“राहू दे,” ते म्हणाले. “सायंकायी सभेलेच जातो.”

हे चांगलं नाही, तिकडं पोरं उगीच रडत असतील, असं सुगंधाबाई दुपारभर म्हणत होत्या. गुरुजींनाही ते पटत होतं. तरी पाचच्या आधीच दोघं केंद्रावर जाऊन बसले. रोशनीच्या नावानेच ते सभेत शिरले. कॅमेरा बंद, आवाज बंद.

अश्वजितने सुरुवात केली आणि दोन वाक्यांतच पुढच्याला बोलायला सांगितलं. नापास झालेला पोरगा आता कुठल्याशा कंपनीचे हिशेब बघत होता. तो म्हणाला, गुरुजींनी मला पाढे शिकवले नाहीत, पण कोणी चुकलं तर त्याला हसायचं नसतं हे शिकवलं. भिंतीवरून उडी मारणाऱ्याने सांगितलं की गुरुजींनी आधी त्याचा सुजलेला पाय चोळून दिला होता आणि मग छडी मारली होती. गुरुजी रुमालाने डोळे पुसत होते.

“जित्तेपणी कोणी एवढं म्हणलं नाई तुमाले,” सुगंधाबाई हळूच म्हणाल्या.

“चूप राह्य. आयकू दे.”

मग पुनम बोबडेची पाळी आली. ती मूळची जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाच्या कोरपन्याची, सिमेंट कारखान्यात इंजिनिअर. गुरुजींना ती कधी भेटली नव्हती. ती म्हणाली, या पत्रांमुळे माझ्या आजीची भाषा मला परत मिळाली. एवढं म्हणून ती थांबली असती तर सभा नीट पार पडली असती. पण ती पुढे म्हणाली, “फक्त एक सांगावंसं वाटतं. सांदवाडी म्हणजे घराच्या मागची जागा असं गुरुजींनी लिहिलं होतं. आमच्याकडे घराच्या बाजूच्या जागेलाही सांदवाडीच म्हणतात. ते त्यांना कळवायचं राहून गेलं.”

रोशनीने हात धरायच्या आत गुरुजींनी आवाजाचं बटण दाबलं.

“तुमच्या कोरपन्यात म्हणत असतीन,” ते म्हणाले. “झाडीत सांदवाडी घराच्या मांगच राह्यते.”

पुण्यात अश्वजित खुर्चीवरून ताडकन उठलेला सगळ्यांना दिसला.

“गुरुजी?”

“बस खाली,” गुरुजी म्हणाले, आणि तो बसला.

दुबईवाला मात्र बधला नाही. आजकाल कोणाचाही आवाज तयार करता येतो, त्याने सांगितलं, सगळ्यांनी ताबडतोब बाहेर पडा. रोशनीने कॅमेरा सुरू केला. चेहराही तयार करता येतो, तो म्हणाला. तेव्हा सुगंधाबाईंनी नवऱ्याला बाजूला सारलं आणि संगणकासमोर त्या बसल्या.

“कोणं सांगतलं तुमाले, हे मेले म्हणून?”

“बाई, तुमीच तं सांगतलं,” अश्वजित कसाबसा बोलला. “गेले म्हणून.”

“मंग गेलेच होते नं. चिमूरले. साक्षगंध होतं.”

मग नापास झालेला पोरगा हसायला लागला आणि त्याच्या मागोमाग सगळे हसले. अश्वजित हसत होता आणि त्याचे डोळेही वाहत होते. गुरुजींनी त्याची माफी मागितली. सकाळीच फोन करायला हवा होता, असं ते सगळ्यांसमोर म्हणाले.

गंमत ओसरल्यावर रोशनीने सभा ताब्यात घेतली. प्रत्येकाला तिने आपापला स्पॅमचा खण उघडायला लावला. ज्यांच्याकडे गुरुजींची पत्रं सापडली, त्यांनी तिथंच ‘हे स्पॅम नाही’ असं कळवलं. त्या आठवड्यात ती आणि अश्वजित फोनवर बसून राहिले. गोळ्या विकणाऱ्याच्या शेजारातून त्यांनी गुरुजींचा पत्ता हलवला आणि पत्र खरंच गुरुजींचं आहे हे यंत्राला पटेल अशी सही प्रत्येक मेलला लागेल अशी सोय केली. पहिल्या सोमवारी निम्मी पत्रं पोचली, नंतर हळूहळू जवळजवळ सगळी. कंपनीने शेवटपर्यंत काही कळवलं नाही. कशाने अडलं आणि कशाने सुटलं, हे रोशनीलाही छातीठोकपणे सांगता येत नाही.

गुरुजींनी गावात दोन-चार म्हाताऱ्यांना विचारलं. सांदवाडी घराच्या बाजूलाही असते असं त्यातल्या दोघांनी सांगितलं. पुढच्या पत्रात गुरुजींनी दुरुस्ती छापली, पण पत्राच्या अगदी तळाशी. तेव्हापासून पुनम दर सोमवारी रात्री त्यांना लांबलचक मेल लिहिते आणि पत्रातल्या चुका काढते. त्यातली एक मेल परवा गुरुजींच्याच स्पॅममध्ये सापडली. रोशनी ती बाहेर काढणार होती.

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. “असू दे तिथीच एखादा दिस,” ते म्हणाले. “बुधवारी पाहू.”