म्हणून असे म्हणता येईल की

मी हायलायटर बोलतोय. गुलाबी. रंग आधीच सांगून ठेवतो, कारण पिवळ्याशी माझी गल्लत केलेली मला खपत नाही. पिवळा आमच्याच पाकिटातला, पण स्वभावाने मुळमुळीत. झेरॉक्सच्या यंत्रात गेला की असा नाहीसा होतो, जणू कागदावर कधी नव्हताच. मी जिथे जातो तिथे खूण ठेवतो, आणि झेरॉक्समध्ये तर अशी ठेवतो की विचारू नका. ते पुढे येईलच.

माझा जन्म कारखान्यातला. पोटात शाईत भिजलेला बोळा, तोंडाला तिरकं टोक, वर घट्ट टोपण. तपासणाऱ्या बाईने माझ्याकडून एक रेघ ओढून घेतली आणि शेजारणीशी गप्पा मारता मारताच मला पास केलं. आयुष्यातली माझी तेवढीच परीक्षा. पुढे स्टेशनरीच्या दुकानात टांगलेल्या अवस्थेत मी बरेच दिवस काढले. खालच्या बरणीतली पेनं मला हसायची. पण पेनाला लिहावं लागतं, म्हणजे आधी काहीतरी सुचावं लागतं. मला तसली कटकट नाही. दुसऱ्याने लिहिलेल्यावरून सरळ चालत जायचं, की लोक म्हणतात, अभ्यास चाललाय.

माझी मालकीण पदवीच्या पहिल्या वर्षाला आली, त्या आठवड्यात मी तिच्या हाती लागलो. सोबत मावशी होती. मालकीण मावशीकडेच राहायची. मावशी घरी कपडे दुरुस्त करून द्यायची, त्यामुळे प्रत्येक वस्तू ती उलटून पाहायची. हे कशाला, असं तिने मला उलटंपालटं करत विचारलं. महत्त्वाचं रंगवायला, असं मालकीण म्हणाली. आणि सगळंच महत्त्वाचं निघालं तर, असं मावशीने विचारलं, पण तोवर आम्ही पिशवीत गेलो होतो.

मालकिणीचा प्रवेश कच्चा होता. शाळेतले गुण काठावरचे, म्हणून कॉलेजने अट घातली होती: पहिल्या सत्रात लेखनकौशल्याचा निबंध पास झाला तर प्रवेश पक्का, नाहीतर दाखला घेऊन घरी. घरी मामांचं रंगांचं दुकान होतं. भाचीचं शिक्षण फार काळ चालणार नाही, याबद्दल मामांना इतका विश्वास होता की काउंटरमागे तिच्यासाठी खुर्ची आणूनही ठेवली होती. आईने ही गोष्ट फोनवर सांगितली तेव्हा मालकीण नुसतं बरं म्हणाली, आणि मग बराच वेळ माझं टोपण लावत-काढत बसली. तिला ती खुर्ची नको होती. मला तर त्याहून नको होती. रंगांच्या दुकानात माझ्यासारख्याला कोण विचारतो?

लेखनकौशल्य शिकवायला पडदेसर होते. हे नाव मुलांनी ठेवलेलं. सर वर्गात आले की पडद्यावर मजकूर लावायचे आणि तो पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचून दाखवायचे. 'मजकूर जसाच्या तसा वाचू नये, त्यातला मुख्य मुद्दा ओळखावा' हे वाक्यही त्यांनी पडद्यावरून जसंच्या तसंच वाचलं. मुलांनी मोबाइल वर करून पडद्याचे फोटो काढले. मालकिणीने छापील प्रत मिळवली आणि ती मी पहिल्या ओळीपासून रंगवली. सर फिरत आमच्याजवळ आले, पानाकडे पाहून मान डोलावली आणि असा अभ्यास हवा म्हणाले. माझी छाती फुगली. सत्र अर्धं झालं नाही तोच सरांना कॉलेजच्या गुणवत्ता समितीवर बढती मिळाली. पडदा ते सोबत घेऊन गेले.

त्यांच्या जागी नव्या बाई आल्या. उंचीने बेताच्या, आवाजही बेताचा. त्यांनी निबंधाचा प्रश्न सरांच्या वेळचाच ठेवला, 'सार्वजनिक जागा कोणासाठी असतात?' फक्त सोबत वाचायला एक लेख दिला, रस्त्याकडेच्या बाकांबद्दलचा.

तो लेख म्हणजे माझ्या कारकिर्दीचा कळस. मालकीण वाचायला बसली ती मला उघडूनच. पहिलं वाक्य महत्त्वाचं वाटलं, रंगवलं. दुसरं पहिल्यावर अवलंबून होतं, म्हणून तेही. तिसऱ्यात आकडे होते, आणि आकडे सोडायचे नसतात. शेवटी पानावर पांढरे राहिले ते समास आणि पानांचे क्रमांक. मालकिणीने अंगाला आळोखेपिळोखे दिले आणि लेख संपवला असं मावशीला सांगितलं. खोटं नव्हतं. संपवला होता मी.

पण निबंध लिहायला बसली आणि हात पुढे सरकेना. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तेव्हा तिने वारसा काढला.

वारसा म्हणजे त्या कॉलेजातली जुनी पद्धत. कधीकाळी कोणा हुशार विद्यार्थ्याने याच प्रश्नावर निबंध लिहिला होता. तेव्हापासून त्याची झेरॉक्स, तिची झेरॉक्स, आणि तिचीही झेरॉक्स वरच्या वर्गातले खालच्यांना देत आले. पानाच्या कोपऱ्यात कोणाचा तरी अंगठा यंत्राखाली आला होता, तोही प्रत्येक प्रतीत उतरत आलेला. आणि मुख्य गोष्ट अशी की मूळ निबंधातली महत्त्वाची वाक्यं कोणीतरी रंगवली होती. गुलाबीने. आमच्याच घराण्यातल्या कोणीतरी.

आता फाटकाजवळच्या झेरॉक्सवाल्याचं यंत्र म्हातारं. त्याला गुलाबी आणि काळा यातला फरक कळत नाही. रंगवलेलं वाक्य पहिल्या प्रतीत करडं झालं, दुसरीत काळं, आणि पुढे नुसता डांबराचा पट्टा. त्यामुळे वारशात मुलांना सुरुवात मिळायची, 'एकीकडे' मिळायचं, 'दुसरीकडे' मिळायचं; एकीकडे काय आणि दुसरीकडे काय, ते मात्र पट्ट्याखाली. शेवटी 'म्हणून असे म्हणता येईल की' एवढे शब्द, आणि त्यापुढे पान संपेपर्यंत काळोख. तिथे जो तो 'या विषयाला अनेक पैलू आहेत' असं लिहून मोकळा व्हायचा. संदर्भांच्या यादीत एक पुस्तक असं होतं की जे ग्रंथालयात कोणी कधी पाहिलं नव्हतं, पण आदराने सगळ्यांनी वापरलं होतं. पडदेसर सुरुवात बघायचे, शेवट बघायचे, पानं हाताने तोलायचे आणि 'चांगला प्रयत्न' लिहायचे.

मालकिणीनेही तेच केलं. मधे मधे बाकांची दोन वाक्यं पेरली, काळ्या पट्ट्याशी आली, अनेक पैलू लिहिले आणि निबंध देऊन टाकला.

बाईंनी तिला खोलीत बोलावलं. मी दप्तराच्या बाहेरच्या खिशात होतो, त्यामुळे सगळं ऐकलं. टेबलावर निबंधांचा गठ्ठा होता. बाईंनी मालकिणीकडून लेख मागून घेतला, चाळला, आणि क्षणभर त्यांना वाटलं असावं की छापखान्यानेच कागद गुलाबी वापरलाय. मग त्यांनी तो मिटला आणि वर हात ठेवला.

"आता सांग. लेखक काय म्हणतो?"

"बाकांबद्दल म्हणतो, बाई."

"बाकांबद्दल काय?"

मालकीण लेखाकडे बघत राहिली. पण लेखावर बाईंचा हात होता आणि मी खिशात. मी तिथे असतो तरी काय सांगणार होतो, म्हणा. माझं काम रंगवायचं. मजकूर काय होता हे कोणी मला कधी विचारलंच नव्हतं.

बाईंनी निबंधाचं शेवटचं पान तिच्यापुढे केलं. "हे गठ्ठ्यात प्रत्येकाने लिहिलंय. म्हणून असे म्हणता येईल की अनेक पैलू आहेत. अगं, म्हणून काय म्हणता येईल? तुला काय म्हणायचंय?"

"मला म्हणायचं असतं का, बाई?"

हे तिने इतकं खरं विचारलं की बाईंनी हातातलं पान खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "तुझा प्रवेश कच्चा आहे हे मला माहीत आहे. मी तो खोटा पक्का करणार नाही. सोमवारी पुन्हा लिहून आण. एक परिच्छेद वाचायचा, कागद पालथा घालायचा, आणि ज्याने तो वाचलेला नाही अशा माणसाला सांगायचा. त्याला कळलं तर तुला कळलं. आणि तो रंग घरी ठेव."

तो रंग म्हणजे मी. अपमान गिळला.

घरी न वाचलेलं माणूस एकच होतं. मावशी मशीनवर पडद्याला पट्टी लावत होती. मालकीण परिच्छेद वाचायची, कागद पालथा घालायची आणि बोलायला तोंड उघडायची, की नुसतं म्हणजे, म्हणजे. मावशी म्हणायची, बये, एकदा तुझं तुला कळू दे, मग मला सांग. पुन्हा वाचायची. एका परिच्छेदाला अख्खी संध्याकाळ गेली. मी तोच परिच्छेद चुटकीसरशी उरकला होता, पण आता माझं कोण ऐकतंय?

हळूहळू वाक्यं जुळायला लागली.

"तो म्हणतो, बाकाला मधे लोखंडी दांडा बसवतात. लोकांना सांगतात की हात टेकायला. पण खरं कारण, कोणी तिथे आडवं होऊ नये. ज्याला घर नाही त्याला हाकलायचंय, पण हाकलतोय असं दिसू द्यायचं नाही."

मावशीने मशीन थांबवलं. "असेल बाई. पण त्या दांड्याला धरल्याशिवाय मला उठता येतं का? माझा गुडघा विचारून ये म्हणावं त्याला. काढून टाकले दांडे तर मी बसथांब्यावरच राहायची."

लेखात गुडघा नव्हता. मालकिणीने लेख सुलटा केला, सगळा चाळला, गुडघा कुठेच नव्हता. मग तिने शिसपेन्सिलीचं एक थोटूक उचललं आणि समासात लिहिलं, 'आणि ज्यांना दांडा लागतो ते?'

मी बघतच राहिलो. छापील लेखकाला उलट प्रश्न, आणि तोही एका चावलेल्या पेन्सिलीने. मी कधी लेखकाच्या शब्दाबाहेर गेलो नाही. पण मालकिणीचा चेहरा असा झाला होता, की माझ्या सगळ्या गुलाबी रेघांनी तो कधी झाला नव्हता. मला तेव्हा मत्सर वाटला. सरळच सांगतो, फार वाटला.

मग तिने लिहिलं, खोडलं, मावशीला वाचून दाखवलं. जिथे मावशी जांभई द्यायची तिथे खूण करायची आणि तेवढं पुन्हा लिहायची. लेखकाचं कुठे संपतं आणि आपलं कुठे सुरू होतं, हे दर ठिकाणी सांगायला लागली. कोणी न पाहिलेलं ते पुस्तक तिने यादीतून काढलं. शेवटाला आली तेव्हा सवयीने 'म्हणून असे म्हणता येईल की' लिहून बसली, आणि मशीनचा आवाज ऐकत खूप वेळ बसून राहिली.

सोमवारी मी घरीच होतो; मालकिणीने मावशीला सांगितलं ते ऐकलं. बाईंनी निबंध तिच्यासमोरच वाचला. दुसरा परिच्छेद लंगडा आहे म्हणाल्या, आणि एका ठिकाणी लेखकावर अन्याय झालाय, तोही दाखवला. मग शेवटचं वाक्य त्यांनी मोठ्याने वाचलं. "म्हणून असे म्हणता येईल की जो दांडा एकाला उठायला मदत करतो तोच दुसऱ्याला आडवं होऊ देत नाही, आणि बाक कोणासाठी आहे हे विचारण्याआधी तो बसवताना कोणाकोणाला विचारलं होतं, ते विचारायला हवं."

"हे कोणाचं?" बाईंनी विचारलं.

"माझं," मालकीण म्हणाली, आणि मग घाईने, "गुडघा मावशीचा आहे."

बाई हसल्या आणि त्यांनी सही केली. प्रवेश पक्का झाला. मामा आता त्या खुर्चीवर स्वतःच बसतात, असं आई सांगत होती.

मी मात्र अडगळीत गेलो. मावशीच्या सुयांच्या डब्यात, तुटक्या पट्टीशेजारी. टोपण सैल झालं आणि शाई आटत चालली. असं वर्ष गेलं.

परवा एक नवी मुलगी दारात आली. पहिल्या वर्षाची, कच्च्या प्रवेशाची. तिने ऐकलं होतं की ताईंचा निबंध नव्या बाईंनी पास केला. वारसा मागायला आली होती. नाही म्हणणं मालकिणीला जमत नाही, आणि द्यायचंही तिच्या जिवावर आलं होतं. तिने निबंध काढला, उगाच इकडेतिकडे पाहिलं, आणि मग डब्यातून मला काढलं. 'म्हणून असे म्हणता येईल की' एवढं सोडून पुढचं सगळं वाक्य तिने माझ्याकडून रंगवून घेतलं. एकदा, त्यावर पुन्हा, आणि त्यावरही पुन्हा. शेवटचा थेंब निघाला.

"महत्त्वाचं आहे ना, ताई?" मुलीने विचारलं.

"सगळ्यात."

मुलगी आनंदाने झेरॉक्सवाल्याकडे गेली. मूळ कागद तिच्या हातात होता, माझ्या रंगाखाली प्रत्येक अक्षर स्वच्छ दिसत होतं. वाचलं असतं तर संपलं होतं. पण आधी झेरॉक्स काढायची, वाचू मग, हा आमच्याकडचा रिवाज. मालकिणीची त्यावरच भिस्त होती.

थोड्या वेळाने मुलगी पडल्या चेहऱ्याने परत आली. शेवटचं काळं आलंय म्हणाली. मालकिणीने मूळ निबंध तिच्याकडून घेऊन कपाटात ठेवला, स्टूल पुढे ओढलं आणि बाकांचा तो लेख तिच्या हातात दिला.

"मग काय म्हणता येईल, ते तू सांग. बस. पहिला परिच्छेद वाच आणि कागद पालथा घाल. ऐकायला मावशी आहे."

तर आज माझी अवस्था ही अशी. पूर्ण कोरडा. जन्मभर मी वाक्यं उजळवली आणि कोणाच्या डोक्यात काही उजेड पडला नाही. एक वाक्य झाकलं, तेवढं कामी आलं. वाईट वाटतं, आणि बरंही वाटतं, दोन्ही.

आता मला फेकायचं तर खुशाल फेका, पण एवढ्यात नको. ती मुलगी परवापासून रोज येते, आत्ताही स्टुलावर बसली आहे. तिने कागदावर 'म्हणून असे म्हणता येईल की' इतकं लिहिलंय आणि पेन्सिल चावतेय. पुढची जागा कोरी आहे. मला बघायचंय ती काय म्हणते ते.