राणीसाहेबांचे बूट

बालवाडी साडेबाराला सुटायची आणि बारा पंचविसाला राणीसाहेब दाराजवळच्या बाकावर जाऊन बसायच्या. वय साडेतीन. उजवा पाय पुढे, मान ताठ, नजर समोरच्या भिंतीवर. मग आजोबा यायचे, गुडघे टेकून खाली बसायचे आणि एक बूट, दुसरा बूट, कर्रर्र करत प्रत्येकाच्या वेल्क्रोच्या दोन-दोन पट्ट्या लावून द्यायचे. तोवर राणीसाहेब त्यांना दिवसभराच्या तक्रारी ऐकवायच्या. हा थाट पाहून कुणीतरी तिला राणीसाहेब म्हटलं आणि ते नाव चिकटलं. तिलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. एकदा कुणी खऱ्या नावाने हाक मारली, तर तिने वळूनसुद्धा पाहिलं नाही.

गंमत वाटायची खरी, पण त्या थाटामागे एक डावा हात होता. जन्मापासून अधू. खांद्याच्या वर जायचा नाही, बोटं मिटायची पण पकड धरायची नाहीत. घरात सगळ्यांच्या जिवाला तो हात लागून राहिलेला, त्यामुळे राणीसाहेबांची सगळी कामं घरातली माणसं चढाओढीने करत. परिणाम असा, की जो उजवा हात ठणठणीत होता तोही बसून खायला शिकला होता.

सिस्टरच्या हे पहिल्याच दिवशी लक्षात आलं. न येऊन कसं चालेल? एकतीस वर्षं तिने हॉस्पिटलच्या वॉर्डात काढली होती. निवृत्तीनंतर घरात बसून माश्या मारण्यापेक्षा बरं, म्हणून ती इथे मदतनीस झाली. बालवाडी चालवणाऱ्या मोठ्या बाई हॉस्पिटलातल्यासारखंच तिला सिस्टर म्हणायच्या आणि मुलांनी परस्पर तिची सिस्टरताई करून टाकली.

मोठ्या बाईंचा एक नियम होता. मूल एखाद्या गोष्टीशी झटत असेल, तोवर मोठ्यांनी हात पाठीमागे धरायचे. मागितल्याशिवाय मदत नाही. सिस्टरला हा नियम म्हणजे शिक्षाच होती. वॉर्डात तिचे हात डोक्याच्या आधी धावायचे. कुणाची उशी घसरली, कुणाचा पेला कलंडला, की ही हजर. आणि इथे एक पोर डब्याच्या झाकणाशी पाच-पाच मिनिटं झुंजतंय, आणि आपण पुतळ्यासारखं उभं राहायचं! याला ती मनातल्या मनात निर्दयपणा म्हणायची. उघड बोलायची सोय नव्हती, कारण मोठ्या बाईंच्या नाकाच्या शेंड्यावर राग असायचा.

महिन्याच्या सुरुवातीला मोठ्या बाईंनी वरच्या वर्गात जाणाऱ्या मुलांची यादी काढली. वरचा वर्ग म्हणजे जिना चढून गेल्यावरची मोठी खोली, आणि तिला लागून वाळूचा हौद असलेली गच्ची. तिथे वीस मुलांना मिळून एकच बाई. म्हणून वर जायचं तर तीन गोष्टी आपल्या आपण यायला हव्यात: डबा उघडणं, नळ सोडणं आणि बूट घालणं. राणीसाहेबांना डबा यायचा, नळही यायचा, कारण त्या वेळी आजोबा नसायचे. बूट मात्र यायचे नाहीत. महिनाअखेरच्या शुक्रवारपर्यंत आले तर सोमवारपासून वर, नाहीतर आणखी एक वर्ष खाली, नव्याने येणाऱ्या अडीच वर्षांच्या पिल्लांबरोबर. तिची जिवाभावाची मैत्रीण टकळी हिचं नाव तर यादीत आधीच चढलं होतं.

"मी पण वर जाणार," राणीसाहेबांनी जाहीर केलं. "वर वाळू आहे."

अशा हातांना काय जमतं आणि काय नाही, हे सिस्टरने जन्मभर पाहिलं होतं. या हाताला बूट जमणार, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. ही पोरगी वर जाणार म्हणजे जाणार, असं ठरवून तिने कंबर कसली.

आणि तिथेच तिचं चुकलं. तिने वॉर्डात करायची तेच केलं. कागदावर वेळापत्रक आखलं, कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. रोज दहा वेळा बूट घालायचे, दहा वेळा काढायचे, पाच वेळा मातीचा गोळा दाबायचा. पहिल्या दिवशी राणीसाहेबांना मजा वाटली. दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "झाले दहा," तेव्हा तीन झाले होते. तिसऱ्या दिवशी एक बूट गायब झाला. सगळी बालवाडी पालथी घातली, मिळाला नाही, आणि आजोबा नातीला कडेवर घेऊन गेले. चौथ्या दिवशी तो ठोकळ्यांच्या टोपलीच्या तळाशी सापडला. पुढच्या आठवड्यात रोज सकाळी तिचं पोट दुखायला लागलं.

आजोबा तावातावाने आले. "सिस्टर, पोर यायचं नाव काढत नाही. आधी माझ्या पुढे धावत यायची. काय चालवलंय तुम्ही?"

ते गेल्यावर मोठ्या बाई म्हणाल्या, "सिस्टर, तुम्ही आल्यापासून मुलं हॉस्पिटल-हॉस्पिटल खेळतात, छान आहे. पण तुम्ही खरोखरचा वॉर्ड कशाला उघडलात?"

सिस्टरला ते लागलं. एकतीस वर्षांत तिच्यामुळे कुणाचं पोट दुखल्याचं तिच्या ऐकिवात नव्हतं. तिने वेळापत्रक फाडून केराच्या डब्यात टाकलं. माघार घ्यायची मात्र तिची तयारी नव्हती. अजून पंधरा दिवस हातात होते.

दोन दिवस ती काही न करता कोपऱ्यात बसून खेळ बघत राहिली. चटईवर तीन उश्या, म्हणजे तीन खाटा. टकळी डॉक्टर, तोंड अखंड चालू. बाकीचे कधी कंपाउंडर, कधी ॲम्ब्युलन्स. पेशंट मात्र रोज एकच. राणीसाहेब मधल्या उशीवर आडव्या, डावा हात पुढे, आणि टकळी सांगतेय, "हलू नका. तुमचा हात खराब आहे." राणीसाहेब शहाण्यासारख्या पडून राहायच्या. सिस्टरला एकदम शरम वाटली. घरचे तिला पेशंटच करून ठेवत होते, पोरं तेच करत होती, आणि दहा-दहा वेळा बूट घालायला लावून तिनेही दुसरं काय केलं होतं?

तिसऱ्या दिवशी सिस्टर घरून बँडेजचे दोन गुंडाळे आणि आपले ड्यूटीचे जुने पांढरे पट्ट्यांचे बूट घेऊन आली. बूट पायात घातले, खेळ रंगात आल्यावर सरळ चटईवर जाऊन आडवी झाली आणि कण्हायला लागली.

"काय झालं?" टकळी धावली.

"दोन्ही हात मोडले. पण मला तुम्ही नको, त्या डॉक्टर हव्यात," सिस्टरने राणीसाहेबांकडे हनुवटी केली.

"मी पेशंट असते," राणीसाहेब म्हणाल्या.

"आज मी आहे. दोघी पेशंट झालो तर औषध कोण देणार?"

राणीसाहेबांनी यावर बराच विचार केला. टकळीचा चेहरा पडला, पण ॲम्ब्युलन्सचा भोंगा वाजवायचं काम मिळाल्यावर ती सावरली. मग राणीसाहेब उठल्या, बँडेज उचललं आणि सिस्टरचे हात बांधायला बसल्या. एक टोक दातांत, गुंडाळा उजव्या हातात, आणि तो सुटू नये म्हणून डावा हात वरून आडवा टाकलेला. चांगली पंधरा मिनिटं लागली. शेवटी सिस्टरच्या दोन्ही हातांचे कोबीचे गड्डे झाले. आता तिने मनात आणलं असतं तरी तिला कुणाला मदत करता आली नसती, आणि याचं तिला फार हायसं वाटलं.

"बरं वाटतंय. आता घरी सोडा," ती म्हणाली. तेवढ्यात तिने एका पायाने दुसऱ्याचा बूट ढकलून काढला होता. "पण बूट निघाला की हो माझा."

"डॉक्टर बूट नाही घालून देत."

"आमच्या हॉस्पिटलात देतात," सिस्टरने बिनदिक्कत थाप मारली.

राणीसाहेबांनी बूट सिस्टरच्या पायात ढकलला, तो निसटला. पुन्हा ढकलला, पुन्हा निसटला. सिस्टरचे हात बँडेजमध्ये तडफडत होते. तिसऱ्या खेपेला राणीसाहेबांनी डावा हात कोपरापर्यंत बुटाच्या नाकावर टाकला, त्यावर छातीचा भार दिला आणि उजव्या हाताने मागची बाजू ओढली. टाच आत गेली. कर्रर्र, पट्टी लागली.

"पुढचा पेशंट!" राणीसाहेब ओरडल्या.

त्या दिवसापासून त्या हॉस्पिटलात ताप, खोकला सगळं बंद पडलं. रोग एकच उरला, बूट निघण्याचा. पोरं दाराजवळून आपापले बूट घेऊन येत आणि रांगेत बसत. डॉक्टर प्रत्येकाला दम देऊन बूट चढवत. पाय ताठ करणाऱ्याला बाहेर काढत. सिस्टर रोज हात बांधून घेऊन पहिल्या खाटेवर पडायची.

पण बारा पंचविसाला डॉक्टर बाकावर जाऊन बसायच्या आणि उजवा पाय पुढे करायच्या. दुसऱ्यांचे बूट हे काम होतं आणि स्वतःचे बूट आजोबांचे होते, एवढं साधं गणित. सिस्टरने आजोबांना गाठलं.

"दहा मिनिटं उशिरा येत जा."

"रडेल ती."

"रडू दे थोडी."

"तुम्हाला नात नाही, म्हणून बोलताय," आजोबा म्हणाले आणि चालू लागले.

सिस्टरला नात नव्हती हे खरंच होतं. तरी दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्या दिवशीही सांगितलं. आजोबा पाच मिनिटं आधी यायला लागले.

शुक्रवार उजाडला. बारा पंचविसाला मोठ्या बाई यादी घेऊन दाराशी उभ्या राहिल्या. शेजारी वरच्या वर्गाच्या बाई. आजोबाही येऊन ठेपले होते, दारात बूट काढून आत आलेले.

"राणीसाहेब, घाला बघू बूट," मोठ्या बाई म्हणाल्या.

राणीसाहेबांनी उजवा पाय पुढे केला आणि आजोबांकडे पाहिलं. आजोबा पुढे सरसावले. सिस्टर मध्ये उभी राहिली.

"थांबा आजोबा."

"अहो, लहान आहे ती. तिचा हात..."

"हात मला माहीत आहे. तुम्ही बाकावर बसा." तिचा आवाज वॉर्डातला होता, त्या आवाजापुढे भले भले सर्जन बसलेले होते. आजोबा बसले. सिस्टरने दारातून त्यांचे बूट आणून त्यांच्यापुढे ठेवले. "डॉक्टर, या पेशंटला घरी सोडायचंय."

"हे काही त्या तीन गोष्टींत नाही," वरच्या वर्गाच्या बाई म्हणाल्या.

"बघू या," मोठ्या बाई म्हणाल्या.

राणीसाहेब बाकावरून उतरल्या. आजोबांचा बूट अवजड होता. तिने तो भिंतीला टेकवला, डावा हात त्यावर आडवा टाकला, भार दिला, उजव्याने मागची बाजू धरली. "पाय सैल सोडा," तिने दम दिला. आजोबांनी सोडला. आपल्या बुटावर पडलेल्या त्या हाताकडे ते बघतच राहिले. साडेतीन वर्षं त्यांनी तो हात तेलाने चोळला होता, शालीत गुंडाळला होता, कुणाचा धक्का लागू नये म्हणून गर्दीत स्वतःच्या आड धरला होता. तो कामाला लागलेला त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. दुसरा बूटही चढला. त्यांचे डोळे भरून आले आणि ते लपवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही.

काम संपवून राणीसाहेब बाकावर चढल्या आणि पुन्हा पाय पुढे केला.

आजोबा उठले. वाकले नाहीत. "माझे झाले," ते म्हणाले. आवाज घोगरा झाला होता. "मी बाहेर उभा आहे. तू ये घालून." आणि दाराबाहेर जाऊन पाठ करून उभे राहिले.

"आबा!"

आजोबा वळले नाहीत.

"आबा, माझे बूट!"

आजोबांचे खांदे हलले, पण पाय हलले नाहीत. राणीसाहेबांनी भोकाड पसरलं. सिस्टरला वाटलं, झालं, सगळ्यावर पाणी पडलं. रडणं मिनिटभर चाललं आणि मग आपोआप थांबलं, कारण ऐकणारं कुणी जवळ येईना. राणीसाहेबांनी नाक बाहीला पुसलं, बाकावरून खाली उतरून जमिनीवर फतकल मारली आणि पहिला बूट भिंतीला टेकवला. तो निसटला. पुन्हा टेकवला. टकळी सांगायला पुढे धावली, तिला मोठ्या बाईंनी दंडाला धरून मागे ओढलं.

"वर माझ्यामागे वीस मुलं असतात," वरच्या वर्गाच्या बाई घड्याळाकडे बघत हळूच म्हणाल्या. "एवढा वेळ मी कुठून आणू?"

"आज अकरा मिनिटं लागतील, पुढच्या महिन्यात पाच लागतील," सिस्टर म्हणाली. "तुम्ही फक्त तिला घालून देऊ नका. उभ्या जन्मात घालून देऊ नका."

अकराच लागली. शेवटची पट्टी कर्रर्र वाजली आणि राणीसाहेब उभ्या राहिल्या. चेहरा लाल, केस कपाळाला चिकटलेले. तरातरा चालत त्या दारापर्यंत गेल्या. आजोबांनी वळून पाहिलं, नातीच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग पायांकडे.

"उलटे घातलेस गं," ते म्हणाले.

"माहितीये," राणीसाहेब म्हणाल्या. "उद्या सुलटे घालीन."

मोठ्या बाईंनी यादी भिंतीवर टेकवून तिच्या शेवटी एक नाव लिहिलं.

"उद्या सुट्टी आहे," त्या म्हणाल्या. "सोमवारी घाल. वर."