गुरुजींची कुलूपबंद अक्षरं

मॅडमनी दार लावून घेतलं तेव्हाच कळलं, आज माझ्यावर शेकणार.

"वीस दवाखान्यांना पासवर्ड वाटलास तू. चॉकलेटं आहेत का ती?"

बाळंतपणाच्या रजेवरून परतून मला तीन आठवडे झाले होते. नोकरीत कायम करण्याचं पत्र मॅडमच्या खणात सहीविना पडून होतं.

आमचा प्रोग्राम बाहेरच्या लॅबच्या सर्व्हरकडून दवाखान्यांसाठी रिपोर्ट मागवतो. दर वेळी सोबत नाव आणि पासवर्ड द्यावा लागतो. दोन्ही जोडून त्यांची एक अगम्य दिसणारी ओळ होते. काल प्रोग्राम अडला, बिघाडाची मेल आपोआप सगळ्या दवाखान्यांना गेली, आणि त्या मेलमध्ये ती ओळ जशीच्या तशी.

"हा भाग हिनेच लिहिलाय," गुरुजी म्हणाले. आमच्याच ऑफिसातले जुने प्रोग्रामर; सगळ्यांना शिकवत फिरतात, म्हणून गुरुजी. "बाळंतिणीचं चित्त थाऱ्यावर नसतं हो. पण घाबरू नका मॅडम, अक्षरं कुलूपबंद आहेत. कोणाच्या बापाला वाचता येणार नाहीत."

ते माझी बाजू घेतल्यासारखं बोलत होते, पण डावा अंगठा पेनाच्या टोपणाची सारखी काढघाल करत होता.

"मी लिहिलं तेव्हा ती ओळ बिघाडाच्या मेलमध्ये उतरत नव्हती," मी म्हटलं. "आणि हे कुलूप नाही, नुसता वेष बदललाय. दाखवू?"

"अगं, राहू दे ना, कशाला मॅडमचा वेळ..."

मी लॅपटॉप मॅडमकडे वळवला. मेलमधली ओळ उलटी फिरवायला एवढासा हुकूम पुरला. पडद्यावर आलं ते प्रोग्रामसाठी काढलेलं खातं नव्हतंच. गुरुजींचं स्वतःचं नाव, आणि पुढे त्यांचा पासवर्ड.

"तू रजेवर होतीस तेव्हा घाईत चालवून बघायला माझंच खातं घातलं, ती ओळही मेलमध्ये उतरवली..." गुरुजी पुटपुटले. "काढायचं राहिलं."

मॅडम त्यांना सोडून माझ्याकडेच वळल्या.

"तुला बरं येतं गं दुसऱ्याचे पासवर्ड उघडता! अशा माणसाला कायम करायचं? पत्राचं पुढच्या महिन्यात बघू."

माझे कान तापले. घरी सासूबाई म्हणतात, नमतं घे. मी खुर्ची ओढली आणि बसले.

"मॅडम, मेल वीस दवाखान्यांत उघडी पडलीय. लॅबला कळवून हे खातं आत्ता बंद करायला हवं. ते काम मी करते. तोवर तुम्ही सही करा."

त्यांनी खण उघडला. पेन मात्र गुरुजींकडे मागितलं.