नितळबाबाचे चार थेंब

बंद पडलेल्या गोदामात मुंगी शिरायला जागा नव्हती. प्रत्येकाच्या हातात घरच्या नळाचं पाणी भरलेली बाटली, आणि सगळ्यांच्या माना चौथऱ्याकडे. तिथे नितळबाबा बसला होता. तो एकेक बाटली घ्यायचा, पेल्यात ओतायचा, कुपीतले चार थेंब टाकायचा. बघता बघता पाणी निळं व्हायचं.

"आला! घरातला दोष वर आला!" बाबा गरजायचा. "नळ कसला, नाग पाळलाय तुम्ही स्वयंपाकघरात! आणि हे माझ्या टाकीचं पाणी. तेच थेंब. झालं काही? मी कशाला बोलू, डोळे आहेत ना तुम्हाला?"

टाकीचं पाणी नितळच राहायचं. लोक हुंदके द्यायचे आणि जाताना गोदामामागच्या त्या टाकीतून कॅन भरून न्यायचे.

तिसऱ्या रांगेत दोघी बहिणींतली थोरली बसली होती. ती जलशुद्धीकरण केंद्रात रोज पाणी तपासायची. सकाळीच तिनं त्या टाकीत डोकावून पाहिलं होतं. आत शेवाळ, वळवळत्या अळ्या आणि एका कोपऱ्यात फुगलेला उंदीर. दहा दिवस तेच पाणी तिच्या धाकट्या बहिणीच्या घरात प्यायलं जात होतं. आठ महिन्यांच्या भाच्याला चार दिवस जुलाब लागले होते. पोराचे डोळे खोल गेले होते, आणि रडायचंही त्राण उरलं नव्हतं.

"अगं, दवाखान्यात चल," आदल्या दिवशी ती धाकटीला म्हणाली होती.

"तिथेही नळाचंच पाणी ना, ताई? मंगळवारी आमचा पेला शाईसारखा झाला. आधी इतका नव्हता होत. दोष वाढतोय म्हणाले बाबा."

मंगळवार म्हणताच थोरली चमकली. सोमवारी मोठी जलवाहिनी फुटली होती. घाण आत शिरू नये म्हणून पाण्यातला क्लोरीन तिनंच वाढवला होता. आणि तो निळा रंग? तो तर क्लोरीन तपासताना ती रोज सकाळी स्वतःच्या हातानं काढायची! लोकांची राखण करणारं औषध हा माणूस लोकांना दोष म्हणून विकत होता. तिला त्याची किळस आली.

आता तिची पाळी आली. तिनं बाटली पुढे केली. चार थेंब पडले. पाणी जसंच्या तसं राहिलं.

"धन्य!" बाबा उठून उभा राहिला. "असं घर लाखात एक! हात जोडा या पाण्याला!"

गोदामभर हात जोडले गेले. पुढच्या एका म्हाताऱ्यानं त्यात बोट बुडवून डोळ्यांना लावलं.

"पक्कं ना, महाराज? परत एकदा बघता?" थोरलीनं विचारलं.

"शंका म्हणजे पाप, बाई! हे अमृत आहे, अमृत!"

"मग एक घोट घ्या. तुमच्या गोदामामागच्या गटारातलं आहे. गाळणकागदातून तीनदा गाळलंय, म्हणून बरं दिसतंय. वास मात्र गेलेला नाही."

म्हाताऱ्यानं घाईघाईनं डोळे पुसले. कोणाला तरी ओकारी आली. बाबानं मात्र लगेच दोन्ही हात वर केले.

"माझ्या सान्निध्यात गटारही पवित्र झालं!"

"मग प्या की!" मागून एक बाई ओरडली.

बाबाची ध्यानाची वेळ अचानक जवळ आली. तो मागच्या दाराकडे सरकला तोवर थोरलीनं त्याच्याच टाकीचं पाणी पेल्यात ओतलं, आपल्या पिशवीतल्या क्लोरीनच्या द्रावणाचे थेंब सोडले आणि वर त्याच्याच कुपीतले चार. पाणी गडद निळं झालं.

"बघा, आता त्याच्या पाण्यालाही दोष लागला! या कुपीत कपड्यांना घालतात ती खळ आहे आणि आयोडीनचा क्षार. फ्लोरीन, क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन ही एका कुळातली भावंडं. पहिलं सगळ्यांत दांडगं, पुढचं प्रत्येक त्याहून गरीब. क्षारात आयोडीन बसलेलं असतं. क्लोरीन आला की त्याला जागेवरून उठवतो आणि आपण बसतो. उठवलेलं आयोडीन खळीला चिकटतं, आणि पाणी निळं होतं. निळं झालं म्हणजे तुमच्या नळात जंतू मारणारा पहारेकरी जागा आहे. गटारात कसला पहारेकरी? याच्या टाकीतही नाही, तिथे अळ्या आहेत आणि मेलेला उंदीर."

मागच्या रांगेत बसलेली धाकटी पोराला खांद्यावर टाकून उठली होती.

"ताई, मी... माझ्या हातानं हे त्याला पाजलं गं."

"रडायला नंतर खूप वेळ आहे. आधी चल."

पोर दोन दिवस सलाइनवर होतं. "आणखी एक रात्र काढली असती, तर माझ्या हातात काही उरलं नसतं," डॉक्टर म्हणाले. तिसऱ्या दिवशी पोर भोकाड पसरून रडलं, तेव्हा दोघी बहिणी हसल्या. बाबा मात्र नवी कुपी घेऊन दुसऱ्या गावी गेला. तिथेही एखादं बंद गोदाम असेलच.

म्हणून एवढंच सांगणं आहे. चमत्कार दिसला तर जरूर बघा, डोळे फाडून बघा. पण हात जोडायच्या आधी त्याच चार थेंबांखाली एकदा गटाराचं पाणी धरा.